ॲव्होकाडोचे जामीनदार

झाड कसं वाढवायचं हे मला कुणी शिकवू नये. मी तोरिबियो न्हावी आहे. ज्याला माणसाचं डोकं कळतं त्याला झाडाचं कळायला कितीसा वेळ लागणार? दोन्हीकडे वरून छाटायचं आणि खालून खुशाल वाढू द्यायचं. मेक्सिकोतल्या आत्लिस्को गावी, आमच्या आळीत माझ्या खुर्चीत बसून गेलेल्या प्रत्येकाने हे तत्त्वज्ञान ऐकलेलं आहे. मानेवर वस्तरा असताना कुणी वाद घालत नाही, त्यामुळे ते सगळ्यांना पटलेलंही आहे.

माझं ॲव्होकाडोचं झाड दुकानातच जन्मलं. एका दुपारी जेवून झाल्यावर उरलेली कोय मी गंमत म्हणून फण्यांच्या ग्लासात टाकली, आणि महिन्याभरात तिला कोंब फुटला. गिऱ्हाइकं आरशात स्वतःचं तोंड बघायची सोडून तो कोंब बघायला लागली. तो वीतभर झाला तेव्हा मी अंगणात नळाजवळ त्याला लावला. पाच वर्षांत झाड माझ्या डोक्यावर गेलं. पानं अशी दाट की आत मांजर बसलं तर दिसू नये. फक्त फळ नव्हतं. मोहोरसुद्धा नव्हता.

मला त्याची घाई नव्हती. घाई होती ती लिंदाला, म्हणजे माझ्या बायकोला. आमच्याकडे कपडे धुवायचा दगड वर गच्चीवर. तिथे नळ नाही, सावली नाही. लिंदा बिचारी लग्न झाल्यापासून बादल्या घेऊन जिना चढत होती. शेवटी तिने सिमेंटचा नवा हौद विकत आणला, चांगला खरबरीत कट्टा असलेला. तो बसवायचा तर नळाजवळ. आणि नळाजवळ माझं झाड. हौद फाटकापाशी उलटा पडून राहिला आणि शेजारच्या कोंबड्या त्यावर बसून आमच्या संसाराकडे बघत राहिल्या.

एका रविवारी लिंदाने ताट पुढे ठेवताना शांतपणे सांगितलं की या ग्लोरियाच्या शनिवारी झाडाचा निकाल लागेल.

ग्लोरियाचा शनिवार म्हणजे ईस्टरच्या आदला दिवस. गुड फ्रायडेला मुक्या राहिलेल्या घंटा त्या सकाळी पुन्हा वाजतात. त्या वाजत असताना पोरांचे कान ओढले की पोरं उंच होतात आणि वांझ झाडाला धमकावलं की झाड फळतं, असं आमच्याकडे सगळेच मानतात. पद्धत ठरलेली आहे. एकाने कोयता उगारायचा आणि म्हणायचं, आज हे झाड तोडतो. दुसऱ्याने मध्ये पडायचं आणि म्हणायचं, राहू दे बाबा, पुढच्या वर्षी देईल, मी जामीन. घंटा थांबायच्या आत हे सगळं उरकायचं. झाड घाबरतं आणि कामाला लागतं. आणि कुणी जामीन राहिलंच नाही तर कोयता नुसता खाली ठेवता येत नाही.

मी लिंदाला म्हणालो, तू कोयता घे, मी जामीन राहतो. ती लगेच हो म्हणाली. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

आठवडाभर मी गिऱ्हाइकांसमोर माझं भाषण घोटत होतो. शनिवारी घंटा सुरू झाल्या. लिंदा झाडासमोर उभी राहिली आणि कोयता वर गेला.

"पाच वर्षं फुकट पाणी प्यालास," ती झाडाला म्हणाली, "अंगण अडवून बसलास, आणि दिलंस काय?"

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. मंडळी, आमच्या दोघांत नाटक फक्त मी करत होतो. तिच्या कपाळावरची ती फुगलेली शीर मी याआधी फक्त एकदाच बघितली होती, माझ्या भावाने तिच्या नव्या टेबलक्लॉथवर मोटारसायकलची चेन ठेवली होती तेव्हा. आठवडाभर घोटलेल्या भाषणातला एक शब्द आठवेना. मी नुसता हात हलवत राहिलो, जसा खुर्चीतल्या माणसाच्या मानेवरचे केस झटकतो तसा.

"थांब, लिंदा! मी जामीन!"

आवाज माझा नव्हता. भिंतीवर मान आली होती ती आमच्या शेजारणीची, ब्रिखिदाबाईची. बाईचा स्वभावच असा की शेजारच्या घरात काहीही उचललं गेलं, कोयता असो की आवाज, तिची मान भिंतीवर आलीच. आणि जामीन राहायचं म्हणजे नुसतं राहून तिचं समाधान होणार नव्हतं. पुढच्या ग्लोरियाच्या शनिवारी झाडावर फळ नसेल, तर तुमच्या घरचं धुणं मी वर्षभर धुईन, असं तिने भर आळीत जाहीर केलं. आळी ऐकत होती, कारण पोरांचे कान ओढून सगळे मोकळे झाले होते. लिंदाचा कोयता खाली आला. दिला शब्द मोडण्याची आमच्याकडे सोय नाही, आणि दुसऱ्याने दिलेला तर नाहीच नाही.

पुढचं वर्षभर मी त्या झाडाची जी सेवा केली तिच्या निम्मी लिंदाची केली असती तर हौदाचा प्रश्नच उद्भवला नसता. हे वाक्य लिंदाचं आहे. मी बुंध्याशी गिऱ्हाइकांचे केस पसरले, कारण केसांत म्हणे ताकद असते. आमच्या आळीतल्या अर्ध्या पुरुषांची ताकद त्या मुळाशी गेली. नजर लागू नये म्हणून खोडाला लाल फीत बांधली. गावाजवळच्या ज्वालामुखीने राख उडवली की अख्खं गाव घराची दारं लावून बसायचं आणि मी दाढीचा ब्रश घेऊन एकेक पान पुसत बसायचो. एकदा नगरपालिकेतले एक साहेब तोंडाला फेस लावून खुर्चीत तसेच वाळले. परत आले नाहीत.

तरी पावसाळा संपता संपता पानांची टोकं करपायला लागली. मी पाणी वाढवलं. आणखी करपली. आणखी वाढवलं. मग एके दिवशी सकाळी झाडाला पाणी घालून वळलो तर भिंतीवरून रबरी नळीचं तोंड हळूच आत येताना दिसलं. जामीनदारीण आपली जबाबदारी पार पाडत होती. ॲव्होकाडोच्या मुळांना साठलेलं पाणी अजिबात चालत नाही आणि आम्ही दोघं मिळून त्याला बुडवून मारत होतो. त्यावरून भिंतीच्या आरपार आमचं कडाक्याचं भांडण झालं. ती म्हणाली, शब्द मी दिलाय, तुला काय? मी म्हणालो, झाड माझं आहे. लिंदा गच्चीवरून कपडे आपटत म्हणाली की दोघांना पाणी ओतायची एवढी हौस असेल तर दोन बादल्या वर आणून द्या. मी लगेच दुकानात पळालो आणि रबरी नळीही भिंतीपलीकडे गेली.

झाड जगलं. पण पुन्हा ईस्टर जवळ आला तरी मोहोराचा पत्ता नव्हता. मी रोज सकाळी शेंडे न्याहाळायचो आणि दुकानात मात्र सांगायचो की यंदा बघाच. एवढं सांगून ठेवल्यावर माघार कशी घेणार? आणि खरं सांगायचं तर दुकानातल्या अब्रूचं मला इतकं नव्हतं. शनिवारी फळ नसलं की ब्रिखिदाबाईचा शब्द गेला, जामीन गेला, आणि लिंदाच्या कोयत्यासमोर मी पुन्हा मुका उभा राहणार हे मला स्वच्छ दिसत होतं. झाड माझ्या फण्यांच्या ग्लासात जन्मलेलं होतं. ते मरताना मला बघवलं नसतं.

म्हणून गुड फ्रायडेच्या सकाळी मी कोपऱ्यावरच्या सिमोनाकडे गेलो. ती ॲव्होकाडो विकते. लांबट हिरवे, खरबरीत सालीचे, बारके काळे, सगळे तिच्या टोपलीत असतात. सिमोनाने सवयीने विचारलं, "आजसाठी की उद्यासाठी?"

ॲव्होकाडो घेताना हा प्रश्न आमच्याकडे श्वासाइतका साधा आहे. कधी खाणार ते सांगायचं, मग ती अंगठ्याने दाबून त्या दिवसाला बरोबर तयार होईल असा निवडून देते. माझा कार्यक्रम शनिवारी होता. मी काहीही विचार न करता सांगितलं, "उद्यासाठी."

खरबरीत सालीचे दोन चांगले जाड मी दुकानातल्या टॉवेलांत लपवले. दुपारी अख्खं गाव मिरवणुकीला लोटलं. पायात साखळदंड, अंगाला निवडुंगाचे काटे टोचून घेतलेले, प्रायश्चित्त करणारे पुरुष उन्हात पाय ओढत चालले होते आणि मी त्यांच्याकडे बघून पोटात कळ आल्याचं सांगितलं. लिंदाने मला अगदी मायेने घरी पाठवलं. त्या मायेनेही मला शंका यायला हवी होती. मी हिरव्या दोऱ्याने दोन्ही फळं पानांच्या आत, अगदी लाजऱ्यासारखी दिसतील अशी बांधली, लांबून नजर टाकली, खूश झालो आणि परत मिरवणुकीत जाऊन उभा राहिलो. जाताना वाटेत ब्रिखिदाबाई उलट दिशेने लगबगीने येत होती. गॅस चालू राहिला म्हणाली. मी तिला घाई करायला सांगितलं.

शनिवारी सकाळी अंगणात ही गर्दी जमली. जामीनदारीणबाईंनी स्वतः घरोघर आमंत्रण दिलं होतं. सिमोनासुद्धा टोपली घेऊनच आली, कारण गर्दी म्हणजे गिऱ्हाईक. मी अदबीने सगळ्यांना बाजूला सारलं, पानं दूर केली आणि म्हणालो, "बघा."

लोकांनी बघितलं. मग कुणीतरी म्हणालं, भिंतीकडच्या बाजूलाही आहेत की. मी हसत गेलो तर खरंच तीन लांबट हिरवे लोंबत होते. माझे तर हे नव्हते. मी ब्रिखिदाबाईकडे बघितलं तर ती माझ्या दोन खरबरीत फळांकडे बघत हात जोडून पुटपुटत होती. तेवढ्यात खालच्या फांदीवर चार बारके काळे सापडले. ते बघून आम्ही दोघांनीही एकदमच छातीवर क्रूस काढला. मला वाटलं, माझे दोन बघून झाडाला लाज वाटली आणि त्याने रात्रीत बाकीचे काढले. हसू नका. इतकं वर्षभर एखाद्याची पानं ब्रशने पुसली की माणूस कशावरही विश्वास ठेवतो.

एका झाडाला तीन जातीची फळं! म्हाताऱ्या बायका पुढे झाल्या. कुणी पान खुडून शालीच्या टोकाला बांधायला बघत होतं, कुणी पोराला उचलून खोडाला टेकवत होतं. मी सगळ्यांना सांगत सुटलो की हे केसांच्या खतामुळे. ब्रिखिदाबाई सांगत होती की हे शब्दामुळे. लिंदा कोयता घेऊन उभी होती आणि कधी नव्हे ती अस्वस्थ दिसत होती.

घंटा सुरू झाल्या. फळलेल्या झाडालाही पुढच्या वर्षाची आठवण म्हणून कोयत्याच्या सपाट पात्याने खोडावर हलकेच मारायची पद्धत आहे. लिंदाने मारलं.

ठप्. माझ्यातला एक फरशीवर पडला आणि फुटला. आत पिवळसर हिरवं लोणी. वर घंटा वाजत होत्या आणि खाली सगळे त्या लोण्याकडे बघत होते. आमच्या गावातलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं की ॲव्होकाडो झाडावर कधी पिकत नाही. झाडावर तो महिनोन्‌महिने दगडासारखा राहतो. तोडून घरात ठेवल्यावर मऊ पडतो. आणि हा तर अगदी चमच्याने घ्यावा असा झाला होता.

सिमोना वाकली, बोटाने थोडं उचलून चाखलं.

"माझाच," ती म्हणाली. "काल 'उद्यासाठी' म्हणून दिलेला." मग ती झाडाभोवती एक चक्कर मारून आली. "हे खरबरीत तोरिबियोचे. ते लांबट ब्रिखिदाबाईंचे. त्यांनीही उद्यासाठीच मागितले होते." बारक्या काळ्यांपाशी आल्यावर ती थांबली, माझ्या बायकोकडे एकदा बघितलं आणि टोपलीतली फळं उगाच नीट लावायला लागली.

ब्रिखिदाबाईची मान भिंतीवर नसूनही लांब झाली. माझीही. लिंदा चर्चच्या मनोऱ्याकडे बघत होती, जणू घंटा ती स्वतः वाजवतेय. काळी फळं तिच्या भरतकामाच्या लाल दोऱ्याने बांधलेली होती. पहाटे, मी घोरत असताना, तिने ती बांधली होती.

"तू?" मी विचारलं. "तुला तर हौद हवा होता."

"हवाच होता," लिंदा म्हणाली. "पण हिच्या हातून धुणं नको होतं. दोरीवरच्या हिच्या चादरी बघितल्यास? आणि वर्षभर ही आपले कपडे उलटसुलट करून बघणार, मग तुझ्या चड्डीला कितवं ठिगळ लागलं ते गावाला कळणार." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "आणि आठवडाभर तुझं तोंड बघवत नव्हतं."

मला भरून आलं. खोटं नाही सांगत, त्या क्षणी मी तिला हौद स्वतःच्या डोक्यावर बसवून दिला असता. पण घंटा वाजतच होत्या. फळ नव्हतं. जुना जामीन उडाला होता. रीतीप्रमाणे लिंदाने कोयता पुन्हा उगारला, आणि आता कुणीतरी नव्याने मध्ये पडायला हवं होतं.

घोडं तिथेच अडलं. एव्हाना लोकांनी चमत्काराचा नाद सोडून खाण्याचा धरला होता. पिकलेला ॲव्होकाडो समोर असताना आमच्या लोकांना उगाच उभं राहणं जमत नाही. कुणी मक्याच्या गरम भाकऱ्या आणल्या, कुणी मीठ, कुणी लिंबू आणि हिरवी मिरची. उरलेली आठ फळं खाली उतरली आणि सिमोनाच्या टोपलीतलीही संपली. कुणीतरी माझ्याही हातात भाकरी कोंबली होती. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यात भाकरी होती. मिरची नेमकी तेव्हाच लागली. डोळ्यांतून पाणी, घशात घास, आणि शब्द एक नाही. ब्रिखिदाबाई खाली मान घालून स्वतःच्याच पराभवाचा समाचार घेत होती. अख्ख्या अंगणात रिकामं तोंड फक्त एकच होतं.

लिंदाने आमच्याकडे बघितलं. घंटा मंदावायला लागल्या. तिने एक लांब सुस्कारा सोडला आणि झाडाकडे वळून म्हणाली, "राहू दे. पोर लहान आहे अजून. मी जामीन."

कोयता उगारणारीच जामीन राहिल्याचं आमच्या गावात आधी कुणी बघितलं नव्हतं, पण भरल्या तोंडाने हरकत कोण घेणार?

"आणि फळ लागेपर्यंत," कोयता खाली ठेवत लिंदा पुढे म्हणाली, "घरचं सगळं धुणं ब्रिखिदाबाईऐवजी तोरिबियो धुईल."

गर्दीने घास गिळून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. झाड वाचलं होतं, मला आणखी काय हवं होतं?

काय हवं होतं ते मला पुढच्या सोमवारी कळलं. लिंदाच्या दगडावर चादर घासणं आणि माणसाची दाढी करणं यांत फार फरक आहे. चादर मान वळवत नाही. आठ दिवसांत माझी कंबर गेली, हात सोलवटले आणि गिऱ्हाइकं तक्रार करायला लागली की माझ्या बोटांना धुण्याच्या साबणाचा वास येतो. भर उन्हात तिसरी बादली वर नेताना मी गच्चीवरून खाली बघितलं. नळ. नळाजवळची ती छान सपाट जागा. फाटकापाशी पडलेला हौद. त्या दिवशी पहिल्यांदाच मला वाटलं की झाड जरा चुकीच्या जागी आहे.

संध्याकाळी मी सहज विषय काढला. हौद बसवून टाकू या का, म्हणालो. फार दिवस पडून आहे बिचारा. लिंदा सावलीत खुर्ची टाकून बसली होती. तिने झाडाकडे मायेने बघितलं.

"खबरदार," ती म्हणाली. "मी जामीन आहे त्याची."

तेव्हापासून त्या झाडाला फळ यावं म्हणून माझ्याइतकी तळमळ जगात कुणालाच नसेल. पाणी मोजून, राख झटकून, केस बदलून बदलून. आणि मंडळी, गेल्या जानेवारीत एका सकाळी बघतो तर वरच्या शेंड्याला बारीक बारीक कळ्यांचा भरगच्च तुरा! मोहोर! मी ओली चादर खांद्यावर तशीच टाकून धावत सुटलो. साक्षीला कुणीतरी हवं होतं. ब्रिखिदाबाईला उठवलं, सिमोनाला बोलावलं, दुकानात अर्धी हजामत झालेल्या एका गिऱ्हाइकाला तसंच ओढून आणलं.

आम्ही आलो तर शेंडा नव्हता. सुबक खुडलेला होता.

स्वयंपाकघरातून काळ्या घेवड्याचा दरवळ येत होता. या झाडाची पानं घातल्याशिवाय घेवडा शिजवायचा नाही अशी आमच्याकडे रीत आहे. लिंदा डाव हातात घेऊन दारात आली. घेवड्याला पानं नव्हती म्हणाली. वरचा शेंडा चांगला कोवळा दिसला.

पाहुण्यांसमोर बसलो आणि खाल्लं. आणि तुमच्यापासून काय लपवायचं, त्या दिवशीचा घेवडा इतका चविष्ट झाला होता की मी दुसरी वाटी मागून घेतली आणि मगच चादर पिळायला वर गेलो.